परसबागेतील टोमॅटो: हंगाम, रोपे आणि निगा

शेतातला टोमॅटो आणि घरामागचा टोमॅटो ही झाडे एकच, पण त्यांचे काम वेगळे. शेतातले फळ क्रेटमध्ये भरून लांबच्या बाजाराला जायचे असते. त्यासाठी कडक सालीचा वाण, ठरलेल्या दिवशी फवारणी आणि फळाला नुसती लाली दिसताच तोडणी करावी लागते. घरामागच्या चार-सहा झाडांकडून अपेक्षा एवढीच असते की दोन-तीन महिने रोजच्या आमटीपुरती फळे मिळावीत आणि मुलांनी झाडावरून तोडून तशीच खाल्ली तरी घरच्यांच्या मनात धाकधूक नसावी. म्हणून शेतातले वेळापत्रक लहान करून परसबागेत वापरता येत नाही.

घरची झाडे फसण्याची कारणे मोजकीच असतात. चुकीच्या महिन्यात लावलेले रोप, पहिल्या महिन्यात पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आणि पाण्याचा अनियमितपणा ही त्यातली मुख्य. खत कमी पडून घरचे झाड गेले असे फार क्वचित घडते. जास्त खताने बिघडलेली झाडे मात्र नेहमी दिसतात.

केव्हा लावावे

टोमॅटोला दिवसाचे १८ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या वर गेला किंवा रात्रीही उकाडा राहिला, तर झाड हिरवेगार दिसते, फुलेही येतात, पण परागकण निकामी होतात आणि फुले देठापासून गळतात. ही गळ कोणत्याही टॉनिकने थांबत नाही. मे महिन्यात दुकानदाराने फुलगळीचे औषध म्हणून बाटली दिली तर ती घेऊ नका.

पठारी भागात, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, खानदेश आणि विदर्भात, परसबागेसाठी सर्वांत सोपा हंगाम रब्बीचा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये बी टाकावे, २५ ते ३० दिवसांनी रोपे लावावीत. लावणीनंतर साधारण ६५ ते ७५ दिवसांनी पहिली फळे पिकतात, त्यामुळे डिसेंबर ते मार्च घरचा टोमॅटो मिळतो. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्यांदा थोडे बी टाकले, तर ती झाडे एप्रिलपर्यंत साथ देतात. सगळी रोपे एकाच दिवशी लावण्यापेक्षा तीन आता आणि तीन महिन्याने अशी लावणे घरासाठी जास्त सोयीचे. विदर्भ-खानदेशात मार्चनंतर नवी लावण करू नये.

खरिपाचा टोमॅटो घेता येतो, पण पाऊस बेताचा असतो तिथेच. जुन्नर, संगमनेर या बाजूला जूनमध्ये बी टाकून जुलैत लावण करतात. कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात उघड्यावर रोप लावणे म्हणजे करप्याला आमंत्रण. तिथे पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्येच लावणी करावी.

टोमॅटो महागला की लोकांना परसबाग आठवते. २०२३ च्या जुलैत किरकोळ बाजारात भाव किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हाही अनेकांनी घाईने बी टाकले. पण जुलैत पेरलेल्या बियाचे फळ ऑक्टोबरअखेर येते आणि त्या वर्षी भाव सप्टेंबरमध्येच कोसळले होते. तेव्हा भावाकडे पाहून लावण करू नका, हवेकडे पाहून करा.

बचत गट, अंगणवाडी किंवा शाळेच्या परसबागेसाठी बियाण्यांचे संच वाटणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी. जूनमध्ये मिळालेल्या संचातले भेंडी, गवार, दोडका लगेच पेरायचे. टोमॅटोचे पाकीट मात्र पावसाच्या प्रदेशात हवाबंद डब्यात ठेवून ऑगस्ट-सप्टेंबरनंतर उघडायचे. बी चांगले सुकलेले असेल तर एवढ्या काळात त्याला काही होत नाही.

वाण कोणता

टोमॅटोच्या वाणांचे दोन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरते. मर्यादित वाढीची झाडे कमरेइतकी होतात, शेंड्याला फुलांचा घोस येऊन थांबतात आणि फळे थोड्या दिवसांत एकदम देतात. कुंडीसाठी ही बरी. अमर्यादित वाढीची झाडे आधार मिळेल तेवढी वर जातात आणि फळे थोडी थोडी पण बराच काळ देतात. परसात जागा असेल तर घरासाठी हीच सोयीची.

पुसा रुबी हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा जुना वाण. त्याचे फळ चपटगोल, आंबटसर आणि रसाळ असते, बाजारात टिकत नाही, पण सार करायला उत्तम. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री, तसेच बंगळूरुच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का विकास हे सरळ वाण आहेत, म्हणजे त्यांचे बी घरी धरता येते. अर्का रक्षक हा त्याच बंगळूरुच्या संस्थेचा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तीन रोगांना प्रतिकारक आहे. ज्यांची झाडे दरवर्षी मुरडतात त्यांनी तो लावून पाहावा. त्याचे बी मात्र दरवेळी विकत घ्यावे लागते.

रोपे

टोमॅटोच्या एक ग्रॅम बियात सुमारे तीनशे दाणे असतात. घराला दहा-बारा रोपे लागतात, म्हणून एक पाकीट शेजारणींत वाटून घ्यावे. रोपांच्या ट्रेमध्ये, कागदी पेल्यात किंवा तळाला भोक पाडलेल्या दुधाच्या पिशवीत कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत निम्मे-निम्मे भरावे. बी अर्ध्या ते एक सेंटिमीटर खोल टाकून झारीने पाणी द्यावे. पाच ते आठ दिवसांत उगवण होते. रोज संध्याकाळी भरपूर पाणी घातले की कोवळी रोपे बुंध्याशी नरम पडून आडवी होतात. ही रोपमर. पाणी सकाळी आणि माती वरून सुकल्यावरच द्यावे.

या लेखातले एकच काम तुम्ही करणार असाल तर हे करा: उगवल्यापासून लावणीपर्यंत रोपांवर ४० ते ५० मेशची नायलॉन जाळी झाका. चार काड्यांची कमान आणि वर जाळी, कडा मातीत दाबलेल्या. साधी मच्छरदाणी त्याहून मोठ्या भोकांची असते, तिच्यातून पांढरी माशी आत जाते. जाळीचा तुकडा कृषी सेवा केंद्रात किंवा शेडनेटचे काम करणाऱ्याकडे मिळतो आणि दोन-तीन वर्षे टिकतो. मात्र पूर्ण सावलीत ठेवू नका, रोपे लांबडी आणि पांढुरकी होतात. लावणीआधी चार-पाच दिवस पाणी थोडे कमी करून रोपांना उन्हाची सवय करावी.

विकतची रोपे घ्यायची तर १२ ते १५ सेंटिमीटर उंचीची, जाड बुंध्याची, चार-सहा पानांची घ्यावीत. पान उलटून पाहावे. हात लावताच बारीक पांढरे काही उडाले तर तो ट्रे ठेवून द्यावा. फुले आलेले उंच रोप पाहून हुरळून जाऊ नका. ते ट्रेमध्ये जास्त दिवस अडकलेले असते आणि लावल्यावर खुरटते.

जागा, माती आणि लावणी

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवे. शहरात गॅलरीत लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी दक्षिणेकडची गॅलरी टोमॅटोला सर्वांत चांगली. उत्तरेच्या गॅलरीत टोमॅटोचा नाद सोडून पुदिना लावावा.

गेल्या दोन-तीन वर्षांत जिथे वांगी, मिरची, बटाटा किंवा टोमॅटो होता ती जागा टाळावी. ही सारी एका कुळातली, त्यांचे रोग मातीतून एकमेकांना मिळतात. परसात जागाच कमी असेल तर पालेभाजी, घेवडा, मका यांच्याशी वाफे फिरवावेत, किंवा टोमॅटो सरळ डब्यात घ्यावा. भारी काळ्या जमिनीत पाणी साठते, तिथे वीतभर उंच गादीवाफा करावा.

डबा लहान असू नये. एका झाडाला १५ ते २० लिटर माती लागते. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा, फुटकी बादली, सिमेंटची गोणी काहीही चालते, फक्त तळाला पाच-सहा भोके हवीत. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा बारीक पालापाचोळा असे मिश्रण करावे. पत्र्याचा डबा उन्हात तापतो, त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळावे.

जमिनीत लावताना प्रत्येक खड्ड्यात एक ते दोन किलो पूर्ण कुजलेले शेणखत, मूठभर (सुमारे ५० ग्रॅम) निंबोळी पेंड आणि शेणखतात मिसळून पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा टाकावा. ताजे शेण टाकू नये. मर्यादित वाढीच्या झाडांत दीड फूट, अमर्यादित वाढीच्या झाडांत दोन फूट अंतर ठेवावे. टोमॅटोच्या खोडाला मातीखाली मुळे फुटतात. म्हणून खालची दोन पाने काढून रोप ट्रेमधल्यापेक्षा थोडे खोल लावावे. अपवाद कलमी रोपांचा, त्यांचा जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे. लावणी दुपारी चारनंतर करावी आणि त्याच दिवशी काठी रोवावी. नंतर काठी ठोकताना मुळे तुटतात.

पाणी

लावणीनंतर पहिले आठ-दहा दिवस माती सतत ओलसर ठेवावी. त्यानंतर जमिनीतल्या झाडाला हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी भरपूर पाणी द्यावे. डब्यातल्या झाडाला फळे लागल्यावर रोज सकाळी एक ते दोन लिटर आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात त्याहून जास्त पाणी लागते. आकड्यांपेक्षा बोट बरे: दोन पेरे बोट मातीत घालावे, ओल लागली तर थांबावे.

पाणी कमी-जास्त होण्यापेक्षा ते अनियमित होणे टोमॅटोला जास्त जाचते. चार दिवस गावाला गेलात, झाड कोमेजले आणि आल्यावर दोन बादल्या ओतल्या की पिकत आलेली फळे तडकतात. लहान फळांवर त्याचा वेगळा परिणाम होतो. देठाच्या विरुद्ध टोकाला, खालच्या बाजूला, आधी पाणचट आणि मग काळा, कातड्यासारखा चपटा डाग पडतो. पुष्कळ जण याला रोग समजून बुरशीनाशक मारतात. तो रोग नव्हे. फळापर्यंत कॅल्शियम पोहोचले नाही म्हणून तिथल्या पेशी मेलेल्या असतात आणि कॅल्शियम फळात पाण्याबरोबरच जाते. आपल्या काळ्या जमिनीत चुना भरपूर असतो, कमी पडते ती नियमित ओल. अंड्याची टरफले बुंध्याशी टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ती कुजायला फार वेळ लागतो, चालू झाडाला त्याचा फायदा होत नाही. डागाळलेली फळे काढून टाका, पाण्याची वेळ सांभाळा आणि युरिया थांबवा, पुढच्या घोसातली फळे बहुधा चांगली येतात.

ओल टिकवायला बुंध्याभोवती दोन-तीन इंच आच्छादन करावे. उसाचे पाचट, भाताचा पेंढा, वाळलेले गवत, जे हाताशी असेल ते. आच्छादनाने पावसाचे किंवा झारीचे थेंब मातीवर आपटून पानांवर उडत नाहीत, त्यामुळे करपाही कमी होतो. घरी मोकळ्या कोंबड्या असतील तर त्या हे आच्छादन एका सकाळीत उसकटून टाकतात आणि लाल फळाला चोच मारतात. तेव्हा वाफ्याला कुंपण आधी.

मोरीचे पाणी परसात सोडण्याची पद्धत चांगली आहे. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी खुशाल द्यावे. कपड्यांच्या पावडरचे पाणी टोमॅटोच्या वाफ्याकडे वळवू नये, त्यातल्या क्षाराने जमीन हळूहळू चोपण होते. आणि कोणतेही पाणी पानांवर नव्हे, बुंध्याशी.

खत, आधार आणि बगलफूट

लावणीनंतर तीन आठवड्यांनी आणि पुढे दर तीन आठवड्यांनी झाडामागे दोन मुठी गांडूळखत मातीत मिसळावे. जीवामृत करत असाल तर एक भाग जीवामृत दहा भाग पाण्यात मिसळून पंधरवड्याने बुंध्याशी द्यावे. पाने गडद हिरवी, मोठी आणि खोड अंगठ्यापेक्षा जाड झाले, पण फुले नाहीत, तर नत्र जास्त झाले आहे. खत बंद करावे, फुले येतील. चुलीची राख कोकणातल्या आंबट जांभ्या मातीत थोडी चालते. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ती टाकू नये.

अमर्यादित वाढीच्या झाडाला पाच-सहा फुटी बांबू द्यावा. सुतळीचा फास इंग्रजी आठच्या आकड्यासारखा बांधावा, म्हणजे खोड काठीला घासत नाही आणि जाड व्हायला जागा राहते. पानाच्या बेचक्यातून निघणारी फूट, म्हणजे बगलफूट, बोटभर असतानाच खुडावी आणि एक किंवा दोन फांद्याच वर न्याव्यात. मर्यादित वाढीच्या झाडाची बगलफूट काढू नये, त्याची फळे त्याच फांद्यांवर येतात. दोन्ही प्रकारांत जमिनीला टेकणारी पाने मात्र काढावीत. ही खुडणी कोरड्या सकाळी करावी. तंबाखू मळल्यावर किंवा मिश्री लावल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय झाडाला लावू नयेत. तंबाखूतला मोझॅक विषाणू नुसत्या स्पर्शाने टोमॅटोत जातो.

टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्याला फक्त हलण्याची गरज असते. भुंगे फुलाला लटकून गुणगुणतात तेव्हा त्या कंपनाने पराग झडतो. बंदिस्त गॅलरीत वारा नाही, भुंगा नाही. तिथे फुले असताना सकाळी नऊ-दहाच्या सुमारास काठीला दोन टिचक्या माराव्यात.

पाने मुरडली तर

परसबागेतल्या टोमॅटोविषयी सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कृषी सहायकांनाही पानाचा फोटो पाठवून औषध विचारले जाते. पण पान मुरडण्याची कारणे निदान तीन आणि तिन्हींवर उपाय वेगळा. म्हणून एका पानाचा फोटो पुरत नाही, पूर्ण झाड आणि शेजारची झाडे पाहावी लागतात.

पहिले कारण निरुपद्रवी. खालची, जुनी पाने कडांनी वर वळून नळीसारखी होतात, जाडसर लागतात, पण हिरवी असतात आणि शेंड्याची वाढ चांगली असते. कडक ऊन, पाण्याचा ताण किंवा एकदम जास्त छाटणी झाली की असे होते. काही करू नये.

दुसरे पर्णगुच्छ, शेतकऱ्यांच्या बोलीत बोकड्या. इथे बिघाड शेंड्याला असतो. नवी पाने लहान, वाटीसारखी वर वळलेली, कडांना पिवळी, पेरे आखूड, झाड झुडपासारखे खुजे. सुरुवातीला सहापैकी एक-दोन झाडांनाच होते. हा विषाणू बियातून येत नाही, पांढरी माशी आणते. एकदा झाडात शिरल्यावर त्याला औषध नाही. लावणीनंतर पहिल्या महिन्यात लागण झालेले झाड जवळजवळ काहीच देत नाही. पण बाकीच्या झाडांना रोग देण्याचे काम ते रोज करते. म्हणून जीव तुटला तरी ते उपटावे. उपटण्याआधी त्यावर मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालावी, नाहीतर हिसक्याने माश्या उडून शेजारच्या झाडावर बसतात. फळे भरत आल्यावर उशिरा लागण झाली असेल तर झाड ठेवून आहेत ती फळे घ्यावीत, परंतु शेजारी नवी रोपे लावू नयेत.

तिसरे कारण तणनाशक. टोमॅटो २,४-डी या तणनाशकाला अतिशय संवेदनशील आहे. उसाला किंवा ज्वारीला ते मारले, वाऱ्याने त्याचे तुषार आले, किंवा त्याच पंपाने नंतर घरच्या झाडांवर निंबोळी अर्क मारला, तरी पाने अरुंद आणि दोरीसारखी होतात, शिरा समांतर दिसू लागतात, खोड पिळवटते. खूण अशी की सगळी झाडे एकाच वेळी बिघडतात आणि जवळ कापूस किंवा द्राक्षवेल असेल तर तिथेही तेच दिसते. झटका हलका असेल तर महिन्याभरात नवी पाने सुधारतात. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणे हाच खरा उपाय. धुतलेला पंपही परसबागेत वापरू नये.

विषाणूविषयी भीती आणि अफवा दोन्ही असतात. २०२० च्या उन्हाळ्यात राज्याच्या काही भागात टोमॅटोची फळे डागाळून बेरंगी झाली, तेव्हा हा रोग माणसाला होतो अशी अफवा पसरली आणि उत्पादकांचा माल अडकला. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत. फळ दिसायला वाईट असते, खायला विषारी नसते.

इतर किडी आणि रोग

पांढऱ्या माशीसाठी दर चार झाडांमागे एक पिवळा चिकट सापळा शेंड्याच्या उंचीवर लावावा. पिवळ्या रंगाच्या पत्र्याला एरंडेल तेल फासले तरी चालते. पाच टक्के निंबोळी अर्क घरी करता येतो: ५० ग्रॅम निंबोळीचा गर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्यातून गाळावा, चिमूटभर साबण मिसळावा आणि उन्हे उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. अर्क त्याच दिवशी संपवावा.

फळ पोखरणारी अळी म्हणजे हरभऱ्यावरची घाटे अळीच. तिला झेंडूची फुले आवडतात. टोमॅटोचे रोप लावताना झेंडू कळीवर येण्याच्या बेतात हवा, म्हणून झेंडूचे बी टोमॅटोच्या पंधरा दिवस आधी टाकावे. अंडी आणि लहान अळ्या झेंडूवर सापडतात, त्या तिथेच वेचाव्यात. चार झाडांवरची अळी हाताने वेचणे पाच मिनिटांचे काम आहे. भोक पडलेले फळ वाफ्यात टाकू नये, अळी दुसऱ्या फळात जाते. पानांवर मोठे पांढुरके फोड आणि शेंड्यात व देठाजवळ टाचणीएवढी भोके दिसली तर टूटा अळी समजावी. ही कीड देशात २०१४ मध्ये पुण्याच्या बाजूला प्रथम आढळली. फोड आलेले पान दिसताच तोडून बंद पिशवीत घालून उन्हात ठेवावे.

खालच्या पानांवर एकात एक वर्तुळे असलेले तपकिरी डाग हा लवकर येणारा करपा. अशी पाने काढून जाळावीत किंवा खोल पुरावीत, झाडातून हवा खेळू द्यावी. ढगाळ, थंड आणि ओल्या हवेत पानांवर पाणचट काळे चट्टे झपाट्याने पसरले तर तो उशिरा येणारा करपा. तो दोन-चार दिवसांत झाड झोपवतो, त्यामुळे चट्टे दिसलेले झाड काढण्यात हयगय नको.

भरल्या ओलीत हिरवे झाड अचानक मान टाकते, संध्याकाळी थोडे सावरते आणि तीन दिवसांत मरते. कोकण-गोव्यात हे फार दिसते. बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात लोंबता धरावा. काही मिनिटांत कापातून दुधासारखी धार खाली उतरली तर जिवाणूजन्य मर नक्की. त्या मातीत औषधावर पैसे घालवू नयेत. पुढच्या वेळी अर्का आभा, अर्का आलोक किंवा अर्का रक्षक हे प्रतिकारक वाण लावावेत, किंवा दुसरीकडून आणलेल्या मातीत डब्यात लावावे. धार आली नाही आणि मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. त्या वाफ्यात एक हंगाम दाट झेंडू घ्यावा.

शेतातले औषध घरच्या झाडावर

कापसाला किंवा शेतातल्या टोमॅटोला मारून पंपात उरलेले औषध जाता जाता घरामागच्या झाडांवर उडवणे ही सवय गावोगाव आहे. वाया कशाला घालवायचे, हा त्यामागचा विचार. ती सोडायला हवी. प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर पीक आणि शेवटची फवारणी ते काढणी यांतला प्रतीक्षा काळ दिलेला असतो. शेतात तोडणीची तारीख ठरलेली असते, म्हणून तो पाळता येतो. परसात फळ जसे लाल होईल तसे दर दोन दिवसांनी कुणीतरी तोडते आणि ते कोण तोडेल यावर ताबा नसतो. कापसाचे औषध तर टोमॅटोसाठी शिफारस केलेलेच नसते. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर बंदी घातली गेली ती याच काळजीने.

बाटलीवर लाल किंवा पिवळा त्रिकोण असेल तर ती परसबागेच्या आसपासही ठेवू नये. चुकून फवारणी झालीच तर झाडावरची तयार होत आलेली सगळी फळे तोडून पुरावीत आणि लेबलवरचे दिवस संपेपर्यंत नवी फळे खाऊ नयेत. नुसते धुऊन किंवा मिठाच्या पाण्यात ठेवून, झाडात शोषले गेलेले आंतरप्रवाही औषध निघत नाही. गृहभेटीला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी परसबाग पाहताना ‘काय मारता?’ असे न विचारता ‘शेतातला उरलेला पंप कुठे रिकामा करता?’ असे विचारावे. खरे उत्तर या प्रश्नाला मिळते.

तोडणी आणि बी

घरच्या खाण्यासाठी फळ झाडावर पूर्ण लाल होऊ द्यावे. मार्च-एप्रिलमध्ये मात्र फळाच्या टोकाला गुलाबी छटा येताच तोडून घरात सावलीत ठेवावे. ३० अंशांच्या वर तापमान गेले की लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही आणि फळ झाडावर पिवळट-नारिंगी राहते. घरात पिकायला उजेड लागत नाही, टोपलीत कागदावर एका थरात ठेवले की पुरे. कच्चे-अर्धकच्चे फळ फ्रिजमध्ये ठेवल्यास चव जाते. नीट सांभाळलेल्या झाडापासून दोन ते तीन किलो फळ मिळावे. यापेक्षा जास्त मिळाले तर आनंद, पण बियाण्याच्या पाकिटावरचे आकडे घरच्या झाडाला लावून निराश होऊ नका.

सरळ वाणाचे बी धरायचे असेल तर ते सर्वांत मोठ्या फळाचे नव्हे, शेवटपर्यंत न मुरडलेल्या झाडाचे धरावे. दुसऱ्या-तिसऱ्या घोसातले पूर्ण पिकलेले फळ घेऊन बियांसह गर काचेच्या बरणीत काढावा, थोडे पाणी घालून दोन दिवस आंबू द्यावा. बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटतो, जड बी तळाशी बसते. तीन-चार वेळा धुऊन ताटलीत पसरून सावलीत आठवडाभर वाळवावे, कागदावर पसरू नये, चिकटते. वाळलेले बी कागदी पुडीत घालून पुडी झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि पुडीवर वाण आणि वर्ष लिहावे. चार वर्षांपर्यंत ते चांगले उगवते.

हंगाम संपला की झाडे वाफ्यात वाळत ठेवू नका. मार्च-एप्रिलमध्ये पिवळी पडलेली ती चार झाडे पांढऱ्या माशीला आणि टूटाला पुढच्या रोपांपर्यंत सांभाळतात. निरोगी झाडे तुकडे करून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावीत, मुरडलेली आणि मरलेली जाळावीत. काठ्या उन्हात आठ दिवस तापवून मगच आडोशाला ठेवाव्यात.